शेरेवाडीच्या पुलाची डावी बाजू

"तितं उभा राहिलास का न्हाय, तेवढंच सांग!"

तू ओरडत होतास, भूपाल. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगावर तुझ्यापेक्षा वजनदार गोधडी, आणि आवाज असा की खाली शाहुपुरीच्या गल्लीत रिक्षावाला ब्रेक मारून वर बघायला लागला. डॉक्टरांनी तुला बोलायचीच बंदी केली होती. पद्मा वहिनी दारातनं म्हणाल्या, "हळू. मशीन वाजतंय."

"वाजू दे. ह्यानं नुसतं व्हय का न्हाय म्हणायचंय. जन्मात एकदा."

त्याआधी वीस मिनिटं मी बोलत होतो. शेरेवाडीला उतरून शेतातनं पुलाकडं कसा गेलो, वाटेत साप आडवा आला तो एवढा लांब की शेपूट पलीकडं जाईपर्यंत माझी अख्खी विडी ओढून झाली, एका म्हातारीनं तांब्याभर ताक पाजलं आणि जावई करून घ्यायची गोष्ट काढली. तुला त्यातलं काहीच नको होतं.

"राहिलो उभा," मी म्हटलं.

"टाकीचं खांब?"

"डाव्या हाताला."

"फोटो?"

"मोबाईलची बॅटरी संपली."

तुझ्या डोळ्यावर घड्याळजीचं भिंग तसंच अडकवलेलं होतं. त्या भिंगातनं तू माझ्याकडं बघत राहिलास. मग वहिनींना म्हणालास, "शाईचं पेन दे." वडिलांचा फोटो उलटा केलास, पाठीवरची पेन्सिल खोडलीस, आणि एकही अक्षर न हलवता लिहिलंस: शेरेवाडी. खाली तारीख. खाली सही.

नवव्या दिवशी तू गेलास.

आणि मी त्या पुलावर उभा राहिलोच नव्हतो.

तू गेलास त्या सकाळी तुझ्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम बंद पडली, असं मी स्मशानात सांगितलं. चारचौघांनी डोळे पुसले. ती घड्याळं दुरुस्तीला आलेली होती, निम्मी आधीपासूनच बंद होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तू असतास तर तिथल्या तिथं म्हणाला असतास, "सर्जेराव, किती घड्याळं होती, मोजून सांग." आता मोजायला लावणारं कोण उरलंय? गेले तीन आठवडे मी बोलतो आणि लोक ऐकतात. मला त्याचीच भीती वाटायला लागलीय.

आपली गाठ कशी पडली ते मी पन्नास जणांना पन्नास तऱ्हांनी सांगितलंय. खरं एवढंच की माझ्या स्टुडिओत एका रिटायर गार्डाच्या घरनं जुन्या फोटोंचा गठ्ठा आला होता. त्यात एक स्टेशन होतं, नाव नसलेलं. मी तो फोटो घेऊन तुझ्या दुकानात आलो, कारण त्यात फलाटावर घड्याळ होतं आणि ते कुठल्या बनावटीचं ते मला विचारायचं होतं. तू भिंग लावलंस. घड्याळाकडं बघितलंही नाहीस. खांबाची सावली बघितलीस.

"हे सकाळचं हाय," तू म्हणालास.

"घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाल्यात."

"घड्याळ बंद पडतं. मी तेवढ्यावरच जगतोय. सूर्य दुरुस्तीला आलेला न्हाय अजून."

मी म्हटलं, ढग असेल, आरशाची तिरीप असेल, फोटो उलटा छापला असेल. आपलं भांडण दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. ते अजून मिटलेलं नाही. त्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं तुझ्या अक्षरात "सकाळ" आणि माझ्या अक्षरात "संध्याकाळ" अजून शेजारी शेजारी आहे, भाड्याच्या खोलीतल्या दोन भावांसारखं.

तिथनं पुढं दर रविवारी तेच. लोक कुठनं कुठनं फोटो पाठवायचे. कुणाच्या आज्याचा ट्रंकेतला, कुणी भंगारातनं उचललेला, कुणी मोबाईलवर, आणि खाली एकच प्रश्न: हे कुठलं हो? मी मोठा करून द्यायचो, तू वाचायचास. पाटीवर मराठीशेजारी कन्नड अक्षराचं शेपूट दिसलं की तू दक्षिणेकडं सरकायचास. फलाटाच्या कडेचा दगड, रुळाखालचे लाकडी का लोखंडी आडवे, तारेचे खांब, मागचा डोंगर. आजऱ्याच्या एका बाईंनी पाठवलेल्या फोटोत तू तारेवर बसलेला कावळा दाखवलास आणि त्याच्या पिसांवरनं वारा कुठल्या दिशेचा ते सांगितलंस. लोकांना सांगताना मी म्हणायचो की तू कावळ्याची जातसुद्धा ओळखलीस. ते काही खरं नाही. पण वाऱ्याचं खरं होतं, आणि ती जागाही तीच निघाली, कारण आपण दोघं तिथं जाऊन उभं राहिलो.

उभं राहिल्याशिवाय शाई नाही. हा तुझा कायदा. अंदाज असेल तर पाठीवर पेन्सिल. दोन अंदाज असतील तर दोन्ही पेन्सिलीनं. कुणीतरी आपल्या पायांनी त्या जागेवर जायचं, फोटो काढणारा जिथं उभा होता तिथंच उभं राहायचं, समोर बघायचं. मग शाई. शाई कधी खोडायची नाही. चुकलीच, तर तिच्यावर एक रेघ मारायची, खाली कारण लिहायचं आणि सही करायची. कारण एका ओळीत. हे एका ओळीचं कलम तू खास माझ्यासाठी घातलं होतंस. "दुसरी ओळ लागली की ते कारण न्हाय, गोष्ट हाय," तू म्हणायचास. ते कलम वापरायची वेळ कधी आली नव्हती. तुझ्या फायलीतल्या शाईवर एकही रेघ नाही. इतक्या वर्षांत एकही नाही.

आणि त्या फायलीत सगळ्यात वर तो फोटो.

तुझे वडील कुरुंदवाडचं घर सोडून रेल्वेत ट्रॉलीमन झालेले. साहेब रूळ तपासायला निघाला की चार चाकांच्या ढकलगाडीवर छत्री लावून बसणार, आणि दोन माणसं अनवाणी पायांनी रुळावरनं पळत ती गाडी ढकलणार. फोटोत तेच आहे. छत्रीखाली साहेब, मिशीच्या केसन्‌केसासकट स्पष्ट. मागं पळणारे दोघं. उजवीकडचा तुझा बाप, असं तुझ्या आईनं तुला सांगितलेलं. तू चार वर्षांचा असताना ते गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही, आणि ह्या एका फोटोत ते पळत असल्यामुळं चेहरा हललेला. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता एक पांढरा फराटा आणि खाली दोन पाय.

मी एकदा म्हटलं होतं, "आण इकडं, मी नाकडोळे भरून देतो. तुझ्यावरनं काढतो, कुणाला कळणार न्हाय." मी कितीतरी लोकांच्या मेलेल्या आजोबांना फेटे घातलेत, दोघांना तर कोटसुद्धा. तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "माझ्या बापाला तुझं नाक नको." आणि दोन महिने बोलला नाहीस. मी हे सांगताना सहा महिने सांगतो. दोनच होते, पण मला सहासारखे गेले.

चेहरा ओळखता येत नाही, म्हणून तुला जागा ओळखायची होती. बापाबद्दल नक्की कळू शकेल अशी ती एकच गोष्ट होती: हा माणूस ह्या इथं पळत होता. मिरजेच्या पुढची जुनी नॅरोगेज. ती लाइन आता उखडली, मोठी लाइन झाली, काही ठिकाणी नवा रस्ता बाजूनं गेला आणि जुने दगडी पूल शेतात तसेच राहिले. फोटोत तीन कमानींचा पूल, मधली कमान मोठी. मागं पडक्या दातासारखी खाच असलेला डोंगर. आणि पुलाच्या डाव्या हाताला दगडी खांबांवर पाण्याची टाकी. असे पूल दोन निघाले, एक शेरेवाडीचा, एक कोंबडमाळाचा. दोन्हीकडं डोंगर, दोन्हीकडं टाकी. फरक एवढाच असणार की डोंगर समोर ठेवून उभं राहिलं की टाकीचे खांब कुठल्या हाताला येतात. मोबाईलवरच्या नकाशात दोन्ही ठिकाणी नुसती बाभळीची गर्दी दिसायची.

तू स्वतः जाणार होतास. मग तुझी छाती भरली, जिना उतरणंही बंद झालं. तुझा मुलगा सुनील पुण्यात, त्याला सांगितलं असतंस तर तो सुट्टी काढून गेला असता. पण तू म्हणालास, "त्याला पूल दिसंल. उभं कुठं ऱ्हायचं ते कळायचं न्हाय. सर्जेरावला कळतंय." माझ्यावर इतका भरवसा आयुष्यात कुणी टाकला नाही, माझ्या बायकोनंसुद्धा नाही, आणि ती शहाणी बाई आहे.

फोटो तू बरोबर दिला नाहीस. "फोटो हातात असला की माणूस तितं फोटोच बघतो," म्हणालास. "आधी शेरेवाडी. खांब उजवीकडं निघालं तर दुसऱ्या दिवशी कोंबडमाळ. आणि सर्जा, न्हाय निघालं तर न्हाय सांग. मला 'न्हाय' चालतंय."

मी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. खिडकीशी बसलो आणि तुला परत आल्यावर काय सांगायचं ते मनात जुळवायला लागलो. तू कंटाळलेला, खोलीत कोंडलेला; म्हटलं, जरा रंगवून सांगू. हातकणंगल्याला साप आला. जयसिंगपूरला म्हातारी आली. कृष्णेचा पूल ओलांडताना तिनं ताक दिलं. मिरजेत उतरलो तेव्हा सगळी गोष्ट तयार होती, मी पुलावर उभा होतो आणि खांब डाव्या हाताला होते. आता नुसतं जायचं राहिलं होतं.

न जाण्याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. ऊन होतं. एस. टी. हुकली. गुडघा धरला. "नाही" निघालं तर तुझं तोंड बघवणार नाही म्हणून मी गेलो नाही, हे कारण मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात मी मोठ्या मनाचा दिसतो. पण तू एक ओळ मागायचास. ती ओळ अशी आहे: गोष्ट आधीच झाली होती, आणि मला ती खऱ्यापेक्षा जास्त आवडली होती.

स्टँडाजवळच्या खानावळीत मी मटणाचं ताट मागवलं. दोन वाट्या रस्सा जास्तीचा घेतला. झाडाखाली ताणून दिली आणि चारच्या गाडीनं परत आलो. वहिनींनी तुम्हा जैनांचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं म्हणून ताटं घेतलेलीच होती. "भावजी, दिवसभर उपाशी असशीला, बसा," म्हणाल्या. मी बसलो. तेही जेवलो. आणि मग तुझ्या खाटेपाशी येऊन साप सोडला.

घरी जाऊन शर्ट काढला तेव्हा बघितलं. खिशाच्या खाली तांबड्या रश्श्याचा थेंब, चांगला बोराएवढा, पांढऱ्या शर्टावर. तेलाची कड पसरलेली.

भूपाल, तू तारेवरच्या कावळ्याची पिसं बघणारा माणूस. तुझ्या घरात जन्मात रस्सा शिजला नाही. शेरेवाडीला खानावळ नाही. जन्मभर फोटो काढत आलेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो आणि बॅटरी संपली म्हणतो. आणि तू भिंग लावून माझ्याकडं बघत होतास, बराच वेळ, मला वाटलं माझ्या तोंडाकडं.

तू तो थेंब बघितलास का?

तेवढंच सांग. व्हय का न्हाय. बघितला नसशील तर मी तुला फसवलं. बघितला असशील आणि तरी शाईचं पेन मागवलं असशील, तर तू तुझा कायदा मोडलास, आयुष्यात एकदा, मला खोटं पाडावं लागू नये म्हणून. ह्यातलं कुठलं कमी वाईट, ते मला तीन आठवडे ठरवता आलेलं नाही. मी कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी रंगवू शकतो. ही दोन्हीकडनं काळीच निघते.

तुझ्यामुळं मला एक सवय लागली होती, ती तुला कधी बोलून दाखवली नाही. मी काहीही फेकलं की तू घड्याळाच्या चिमट्यानं उचलावं तसा त्यातला खरा तुकडा उचलायचास आणि बाजूला ठेवायचास. बाकीचं फुंकून टाकायचास. मी फेकत गेलो ते त्या भरवशावर. मला कधी खरं सांभाळावं लागलं नाही, तू सांभाळायचास. गाव मला थापाड्या म्हणतं. पण तुझ्या दुकानात रविवारी दोन तास मी जवळजवळ खरा माणूस असायचो, आणि ते मला फार बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला. सुनील पुण्याहून येतोय, त्यानं फोटो मोठा करून फ्रेम केलाय, खाली "शेरेवाडी" असं छापून घेतलंय. रविवारी सगळी मिळून शेरेवाडीला जाणार, आजोबा पळाले तिथं तुझ्या नावानं चिंचेचं रोप लावणार. "भावजी, तुम्ही वाट दाखवायला पुढं बसा."

मला वाट ठाऊक नव्हती. ती शिकून घ्यावी म्हणून गुरुवारी मी शेरेवाडीला गेलो. भूपाल, मी तिथं खरं बघायला गेलो नव्हतो. खोटं पचवायला गेलो होतो.

साप नव्हता. म्हातारी नव्हती. ताकाचा तर वासही नव्हता. भरावावर बाभळी, पलीकडं द्राक्षाची बाग, आणि पूल. तीन कमानी, मधली मोठी. समोर पडक्या दाताचा डोंगर. माझ्या छातीत असं धडधडलं की बागेत औषध मारणाऱ्या माणसानं पंप बंद केला. आवाजानं नव्हे, मला बघून.

"पावणं, काय हुडकालाय?" तो लांबनंच म्हणाला. "सर्व्हेवालं हाय काय? बाग जाणार काय आमची?"

"न्हाय हो. हितं पाण्याची टाकी होती न्हवं?"

"आज्याच्या टायमाला होती. खांबं हाईत की अजून. ती काय." आणि त्यानं हात केला.

उजवीकडं.

चार दगडी खांब, कमरेएवढे, वेलींनी भरलेले, उजव्या हाताला. मी सरकून बघितलं. बसून बघितलं. मग पूल ओलांडून पलीकडं गेलो आणि वळून उभा राहिलो. तिथनं खांब बरोबर डावीकडं आले. मी मोठ्यानं म्हटलं, पूल, डोंगर, डावीकडं टाकी, आलं की. फोटो काढणारा इकडंच उभा असेल.

तो माणूस माझ्या मागनं आला होता. "टाकीच बघायची तर असू दे," तो म्हणाला. "पण डोंगर मागं ऱ्हायला तुमच्या."

मी तिथं उभा राहिलो, भूपाल. तू सांगितलंस तसा, डोंगर समोर ठेवून, दोन्ही पाय टेकून. खांब उजवीकडं. तुझा बाप इथं पळाला नव्हता. कोंबडमाळाला पळाला असेल, नाहीतर अशा कुठल्या तिसऱ्या जागी, जी तुला अजून शोधता आली असती. त्या संध्याकाळी मी "न्हाय" म्हणालो असतो तर तुझ्याकडं आणखी नऊ दिवस होते. नऊ दिवसांत तू काय काय काढलं असतंस ते मला ठाऊक आहे. तुला "न्हाय" चालत होतं. मलाच चाललं नाही.

मोबाईलची बॅटरी भरलेली होती. फोटो काढला.

काल सकाळी दुकानात गेलो. वहिनी तुझ्या खुर्चीवर बसून लोकांची घड्याळं परत देण्यासाठी नावाच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधत होत्या. मी उभ्यानंच सुरुवात केली. पॅसेंजरपासून खानावळीपर्यंत, थेंबापासून पुलापर्यंत. साप कुठं शिरू दिला नाही. आयुष्यात इतकी सरळ गोष्ट मी सांगितली नव्हती, आणि ती इतकी लवकर संपली की मी गप्प झाल्यावरही वहिनी थोडा वेळ पुढचं ऐकायला थांबल्या.

"वहिनी, त्यानं माझ्या शर्टावर बघितलं होतं काय? तुम्ही दारात होता."

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

"आणि कोंबडमाळ?" त्यांनी विचारलं.

"बघितला न्हाय अजून."

"सुनीलला सांगते, रविवारी तिकडं जायचं. रोप आधी लावायचं न्हाय. आधी बघायचं."

मग उठल्या, कपाटातनं फाइल काढली, वरचा फोटो पाकिटातनं बाहेर घेतला आणि माझ्यापुढं पालथा ठेवला. शेरेवाडी. तारीख. सही. शेजारी तुझं शाईचं पेन ठेवलं, टोपण काढून.

मी म्हटलं, "वहिनी, मला तुम्हाला आणि त्याला सगळं नीट समजावून सांगायचंय. माझ्या मनात त्या दिवशी काय होतं, मी का म्हणून—"

"रेघ मारा," वहिनी म्हणाल्या. "कारण एका ओळीत लिहा."